अपरंचपासून पुढे

माझा प्रबंध परत आला तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. पहिल्या शतकात पौल नावाच्या प्रेषितानं ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिली. त्याच्या नावावर चालणारी काही पत्रं त्याची नसावीत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मी ती सगळी मूळ ग्रीकमधून संगणकाला दिली आणि लिहिण्याच्या लकबीवरून कोणतं कुणाचं ते तपासलं. धावड्याच्या शेतकऱ्याची पोर ग्रीक शिकली याचं कौतुक राहिलं बाजूला, परीक्षक डॉ. काकासाहेबांनी शेरा मारला की पद्धतीवर विश्वास बसत नाही.

मी त्यांना जालन्याच्या आमच्या कॉलेजातच गाठलं.

"बाई, त्या काळच्या लोकांनी ती पत्रं पौलाचीच म्हणून वाचली," ते म्हणाले. "ते त्याच्या जवळचे. तुम्ही इतक्या लांबून लॅपटॉप घेऊन त्यांच्यापेक्षा जास्त ओळखणार?"

"हो."

"मग जिवंत माणसाच्या पत्रांवर करून दाखवा. समितीसमोर. चुकलात तर मी नामंजुरीची शिफारस करणार."

माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. प्रबंध नामंजूर झाला असता तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात. तरी मी लगेच कबूल केलं, कारण मला माझ्या पद्धतीची खात्री होती. लकब म्हणजे काही अक्षराचं वळण नव्हे. मोठे शब्द माणूस विचार करून वापरतो, पण 'तर', 'तरी', 'म्हणून' असले बारके शब्द त्याच्या नकळत पडत जातात आणि त्यांचं प्रमाण ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. आई भाजीत मीठ मोजून टाकत नाही, पण तिच्या हातची चव बदलते का? तसंच हे.

पत्रं मिळाली माझ्या मैत्रिणीकडे, रितिकाकडे. जालन्याच्या मस्तगड भागात त्यांचं बियाण्यांचं जुनं दुकान आहे. तिचे आजोबा बन्सीलालजी कागदाचा कपटाही टाकत नाहीत. त्यांनी, त्यांच्या वारलेल्या भावानं आणि एका चुलतभावानं अंबडच्या आडत्याला पाठवलेल्या मराठी पत्रांच्या नकला पेटीत भरून पडल्या होत्या. मी आणि रितिकानं त्यातल्या थोड्या टाइप केल्या आणि घरीच रंगीत तालीम घेतली.

तालमीत माझं नाक कापलं गेलं. संगणकानं एकट्या बन्सीलालजींच्या पत्रांचे तीन वेगवेगळे गठ्ठे केले. वर त्यातला एक गठ्ठा भावाच्या पत्रांत नेऊन टाकला. काकासाहेबांनी पेढेच वाटले असते.

मी दुकानात जाऊन फुगून बसले.

"काय झालं बेटा? तोंड असं काय करून बसली?" बन्सीलालजींनी विचारलं.

"दादाजी, तुमची पत्रं तीन माणसांनी लिहिली म्हणून सांगून राह्यलाय संगणक."

"लिहिली तर मुनीमांनीच. मी बोलायचो, ते लिहायचे. तीन मुनीम झाले माझ्या हाताखाली. पण बोललो मीच ना?"

हे मला ठाऊक होतं. पौलसुद्धा आपली पत्रं लेखनिकाला सांगत असे. पण सांगणारा एकच असेल तर त्याचे बारके शब्द लेखनिकाच्या हातूनही उतरायला हवेत, असा माझा सगळा दावा होता. तोच खोटा ठरत होता.

इतक्यात कुणा व्यापाऱ्याचा फोन वाजून थांबला. बन्सीलालजी रितिकाला म्हणाले, "त्याला लिही, गाडी उद्या निघती. मंग माणसं तयार ठेव, जल्दी."

रितिका मोबाइलवर टाइप करायला लागली. मी सहज डोकावले. 'जय जिनेंद्र. आपण सर्व कुशल असाल. इकडे देवकृपेने सर्व आनंद आहे. घरी मोठ्यांना प्रणाम, लहानांना आशीर्वाद.' मग गाडीचं. मग पुन्हा खाली 'लोभ आहेच, तो वाढावा' वगैरे.

"हे कधी सांगितलं त्यांनी?"

"सांगायचं काय त्यात? वरचं-खालचं लिहिणारानंच घालायचं असतं," रितिका म्हणाली. "दादाजी अपरंचपासून बोलतात."

मी ताडकन उठले. खुशाली संपून कामाचं बोलणं सुरू झालं की पेढीच्या पत्रात 'अपरंच' लिहीत. आमच्या धावड्यात पत्राचा मायना एका ओळीत आटपतो, म्हणून मी प्रत्येक पत्राची पहिली ओळ काढून बाकीचं पत्र शेठजींचं धरलं होतं. पेढीवरचा मायना चालतो अर्धं पान! बिचारा संगणक मुनीम ओळखत होता, आणि अगदी बरोबर ओळखत होता. मी मूर्ख.

तिथंच गादीवर बसून मी सगळे मायने आणि शेवटचे निरोप कापले. तिन्ही गठ्ठे एक झाले. मी अशी ओरडले की बियाणं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरलं. मग घरी येऊन पौलाच्या नावावरच्या पत्रांतले नमस्कार, आशीर्वाद आणि निरोप तसेच काढले. माझ्या प्रबंधात संशयित ठरलेली पत्रं आता आधीपेक्षा जास्त स्पष्ट वेगळी पडली.

चाचणीसाठी काकासाहेबांनी स्वतः दुकानात जाऊन, आम्ही न पाहिलेली पत्रं निवडून आणली, टाइप करून घेतली आणि त्यांना नुसते क्रमांक दिले. बन्सीलालजी साक्षीला समितीशेजारी बसले. मी एकेका पत्राचं नाव सांगत गेले आणि ते मान डोलवत गेले.

"बराबर. बिलकुल बराबर."

मग एक पत्र आलं. संगणक म्हणाला, तिघांपैकी कुणाचंच नाही.

बन्सीलालजींनी ते पत्र हातात घेतलं, वाचलं आणि हसले. "हे तर माझं! अंबडवाल्याला गाढवाचा बाप म्हणणारा मीच. दुसरं कोण म्हणणार?"

समितीतल्या एकानं पेनाला टोपण लावलं. काकासाहेब माझ्याकडे बघत होते. "शेठजी स्वतः म्हणतात. आता बोला."

मी पुन्हा चालवून पाहिलं. उत्तर तेच. माघार घेऊन 'एखादं चुकतं' म्हणता आलं असतं, पण मग दोन हजार वर्षांपूर्वीच्या पत्रांवर माझा कोण विश्वास ठेवणार?

"दादाजी, माफ करा. हे तुमचं न्हाई."

"अगं, मी जित्ता बसलोय इथं!"

"तरी न्हाई. शिवी तुमचीच आहे, मायना तुमच्या पेढीचा आहे. पण तुम्ही दर दोन वाक्यांमागं 'मंग' म्हणता. इथं तो मुद्दाम पेरल्यासारखा सुरुवातीलाच येतो आणि संपतो. पुढं सगळं 'मात्र' आणि 'अर्थात'. तुमच्या बाकीच्या पत्रांत हे शब्द मला जवळपास सापडतच न्हाईत. हे शेठजींसारखं लिहायला बसलेल्या दुसऱ्याच माणसाचं आहे."

बन्सीलालजींनी पत्र पुन्हा डोळ्यांशी धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात काकासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी लिहिलं," ते म्हणाले. "त्यांची पत्रं वाचून वाचून. मला वाटलं, चांगलं जमलंय."

"चांगलं? अहो, मी पण फसलो ना!" बन्सीलालजी मांडीवर थाप मारून हसायला लागले.

माझ्या अंगातून आनंद नुसता उसळत होता. "सर," मी म्हणाले, "पौलाच्या जवळचे लोक राहू द्या. इथं तर खुद्द पत्राचे मालक साक्षीला बसले होते, तेही फसले."

काकासाहेबांनी हात वर केला. "कळलं बाई, कळलं." त्यांनी समितीपुढचा कागद ओढून सही ठोकली आणि तो पुढे सरकवला.

"प्रबंध मंजूर," ते म्हणाले. "आणि परीक्षक पकडला गेला, हेही इतिवृत्तात लिहा."