ताईंचे अहवाल वाचणारा

मित्रांनो, मला बिघडलेले ठरवण्यात दुरुस्तीवाल्याचा फायदा होता जेमतेम अर्ध्या तासाचा. तेवढाच लवकर घरी.

मी एक जुने बोलणारे कार्ड आहे. संगणकाच्या पोटात बसून पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचायची, हे माझे काम. ताई दवाखान्यात टायपिस्ट होत्या. त्यांना अजिबात दिसत नसे. डॉक्टरांचे अहवाल त्या ऐकून टाइप करत आणि मी ते वाचून दाखवत असे. आठ वर्षांत एक चूक बाहेर गेली नाही. साहेब चारचौघांत कौतुक करत. ताई मला म्हणत, "नाकात बोलतोस मेल्या, पण खरं बोलतोस."

मग माझ्या शेजारी नेटवर्कचे नवे कार्ड बसवले. संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नल. तो प्रत्येक कार्डाला मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर हाक मारतो. आमचा दोघांचा पत्ता नेमका एकच निघाला! कर्नलने घर नव्याला दिले, मला दाराबाहेर ठेवले. माझी वाचाच बसली.

कर्नलने काही लपवले नाही. रोज सुरू होताना तो पडद्यावर लिहीत असे, "हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाकडे आहे." पण ताईंना ते वाचून दाखवणारा मीच ना!

"भाऊ, पडद्यावर काही लिहून येतंय का, बघा ना," ताई दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या.

"असल्या शंभर ओळी येतात, ताई. वाचत बसलो तर इथंच म्हातारा होईन. कार्ड गेलंय तुमचं."

"अहो, कालपर्यंत ठणठणीत होतं. नवं घातलं आणि हे गप्प झालं."

"जुनं झालं की जायचंच," साहेब म्हणाले. कोणाविषयी, ते त्यांनाच ठाऊक.

माझ्या अंगावरची तांदळाएवढी टोपी एका पिनेवरून दुसरीवर सरकवली असती, तर मला वेगळा पत्ता मिळाला असता. त्याऐवजी मला खणात टाकले.

ताई पडताळा न घेता टाइप करत राहिल्या. पंधरवड्यात एका अहवालात उजव्याऐवजी डावा गुडघा पडला. नर्सने वेळीच पकडले, म्हणून गुडघा वाचला. ताईंची खुर्ची काही वाचली नाही.

वर्षभराने नव्या दुरुस्तीवालीने मला खणातून काढून पुन्हा बसवले. तिने ती ओळ वाचली, टोपी सरकवली. मी लगेच बोललो.

"अगं बाई, हे तर चांगलं चालतंय! कोण वापरायचं?"



मित्रांनो, कोणी गप्प झाले, तर त्याला मोडीत काढण्याआधी समोरचे लिहिलेले वाचा. दुरुस्तीवाल्याला कोणी जाब विचारला नाही. साहेबांना दुसरी टायपिस्ट मिळाली, मला वाचा मिळाली. किंमत मोजली ती एकट्या ताईंनी. आणि खरे निदान तेवढे त्यांनीच केले होते.