पाकिटावरची दोन वर्तुळं

माझ्या धाकट्या भावाचा घटस्फोट झाला तेव्हा नात्यातले सगळे म्हणाले, आदळआपट न करता सुटले, बरं झालं. कागद पाहिले तर तसंच वाटत होतं. चष्म्याचं दुकान त्याच्या नावावर होतं, ते त्याच्याकडे राहिलं. चार खोल्यांचं घर त्याच्या नावावर, तेही राहिलं. भावजयीकडे तिचे दागिने आणि दोन मुली आल्या. मुलींची फी तो भरणार होता. एक अट मात्र होती. सहा महिन्यांत तिने कायमची नोकरी आणि मुलींसाठी वेगळी खोली असलेली जागा दाखवायची. नाही जमलं तर मोठी बापाकडे जाईल आणि धाकटी आईकडे राहील.

मी दोन्ही घरी जात असे. भाऊ तो भाऊच, आणि एका सहीने भावजय परकी होते हे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

भाऊ म्हणायचा, "ताई, घर खायला उठतं गं." खोटं बोलत नसावा. पण त्या खायला उठणाऱ्या घरात नवा सोफा आला होता, पडदे बदलले होते. दुकानात काचा बसवायला दोन पगारी फिटर ठेवावे लागले म्हणून तो कुरकुरायचा. तरी तीन माणसांचं खाणं, कपडे, औषधपाणी वजा झाल्यावर महिनाअखेरीला हातात पूर्वीपेक्षा थोडं जास्तच उरत होतं. हे त्याने मला सांगितलं नाही. सोफ्याने सांगितलं.

भावजय राहायची इस्त्रीच्या दुकानामागच्या एका खोलीत. दिवसा त्याच दुकानात इस्त्री करायची, तासावर पैसे. खोलीत कॉट एकच. मुली वर, ती खाली. साबणाची वडी आणली की दोऱ्याने कापून तीन तुकडे करायची आणि एका वेळी एकच बाहेर काढायची. मोठीचे बूट लहान झाले तेव्हा तिने टाचेची शिवण उसवून, कडा दुमडून, परत शिवून दिले.

"हे बूट नाहीत आत्या, चपला आहेत," धाकटी खिदळली.

"बंद चपला," मोठी म्हणाली. "महाग असतात. तुला नाही कळायचं."

मला भरून आलं, पण त्या तिघी इतक्या हसत होत्या की रडायला लाज वाटली. मी म्हटलं, "अगं, किती दिवस अशी ओढाताण करशील? माझ्याकडून घे थोडे." ती म्हणाली, "घेईन ताई, लागतील तेव्हा घेईन. पण एक सांगू? पगार मला तेव्हाही नव्हता. घर मोठं होतं म्हणून कळलं नाही, एवढंच."

ते खरं होतं. चौदा वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिनेच केलं. पुढे गिऱ्हाइकाशी बोलायला, डोळे तपासायला माझा भाऊ, मागे ती. धाकटीच्या वेळी नववा महिना लागला तरी ती यंत्रावर बसलेली मी पाहिली आहे. आणि तडजोडीच्या बैठकीत वकिलाने पढवल्याप्रमाणे माझा भाऊ म्हणाला होता, "फावल्या वेळात मदत करायची." मी शेजारीच बसले होते. मी काही बोलले नाही. रोज देवाजवळ बसते, वाचेचं व्रत पाळते, कोणाला कडू बोलत नाही. आणि त्या दिवशी खरं बोलायचं होतं तेव्हा मी त्याच गोड तोंडाने गप्प राहिले.

पाचवा महिना संपत आला तेव्हा तिला नोकरी मिळायची वेळ आली. डोळ्यांच्या एका रुग्णालयाला ज्येष्ठ फिटर हवा होता. त्यांच्या मुख्य कारागिराने तिचं काम पाहिलं आणि म्हणाला, "हात उत्तम आहे. पण दाखला लागेल. जिथे काम केलंत तिथला सही-शिक्क्याचा कागद. तो नसेल तर मला तुम्हाला शिकाऊ म्हणूनच घेता येईल."

शिकाऊ म्हणजे निम्मा पगार. निम्म्या पगारात दोन खोल्या मिळत नव्हत्या. दोन खोल्या नाहीत म्हणजे मोठी गेली.

मी भावाकडे गेले. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी असा कागद दिला की उद्या तिचा वकील दुकानात वाटा मागेल. मी बैठकीत काय बोललोय ते तुला माहीत आहे. मला कात्रीत धरू नकोस." मी परत आले. भावजयीला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्ही कशाला गेलात? त्यांच्याकडे मागायचं असतं तर मीच मागितलं असतं." आणि पुढचा शर्ट इस्त्रीखाली ओढला. लग्न होतं तोवर ती त्याला अरे-तुरे करायची. आता "त्यांच्याकडे" म्हणत होती.

अटीचे सहा महिने संपायला सहा दिवस राहिले होते. सकाळी देवाजवळून उठेपर्यंत मी फोन घेत नाही. त्या दिवशी तो तीनदा वाजून थांबला. उठून पाहिलं तर भाऊ. आवाज बसलेला. "ताई, तिला विचारशील का? येईल का ती दुकानात? तासभरच."

झालं होतं असं. एका कारखान्याने कामगारांसाठी चौऱ्याऐंशी चष्मे बनवून घेतले होते, सगळे एकाच गोल फ्रेमचे. भावाने तिथे जाऊन प्रत्येकाचे डोळे तपासले, फिटरांनी काचा बसवल्या, माल गेला. आणि दोन दिवसांत परत आला. निम्म्याहून जास्त, अठ्ठेचाळीस कामगार म्हणत होते चक्कर येते, पायरी दिसत नाही. कारखान्याने उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर हे काम रद्द, पुढचंही रद्द. फिटरांनी एकेक चष्मा यंत्रावर लावून पाहिला होता. पाकिटावर जो नंबर, तोच काचेत. चूक सापडतच नव्हती.

मी भावजयीला सांगितलं. तिने इस्त्री बाजूला उभी करून ठेवली. म्हणाली, "चौऱ्याऐंशी माणसं यंत्रावर काम करतात ताई. चक्कर आली तर बोटं जातील." इस्त्रीवाल्याला म्हणाली, दोन दिवसांचे पैसे कापा, आणि निघाली.

दुकानात दोघं फिटर गुडघ्यात डोकं घालून बसल्यासारखे बसले होते. खोकी घेऊन आलेला कारखान्याचा टेम्पोचालक बाकावर होता. भाऊ उभा राहिला, बस म्हणावं की बसा म्हणावं ते त्याला सुचेना. ती म्हणाली, "पाकिटं कुठे आहेत?"

त्या दुकानात प्रत्येक चष्म्याचं एक पाकीट असतं. त्यावर दोन वर्तुळं छापलेली, दोन डोळ्यांची, बाकी काही नाही. दुकान काढलं तेव्हा छपाईत काटकसर केली होती. तिने तीन पाकिटं पाहिली, चौथं पाहिलंच नाही. टेम्पोचालकाला विचारलं, "दादा, तुमचाही चष्मा आहे ना यात? घाला बरं."

त्याने घातला. "बघा ना. भिंत येते अंगावर."

"आता उलटा धरा. वरची बाजू खाली."

"उलटा? वेड्यासारखा दिसेन की!"

"दोनच मिनिटं. मग शहाण्यासारखं दिसेल."

त्याने चष्मा उलटा करून दोन्ही हातांनी डोळ्यांवर धरला. काड्या कानांच्या वर शिंगांसारख्या उभ्या. समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं आणि ओरडला, "अहो, शेवटची ओळसुद्धा दिसतेय! असाच घालून जाऊ काय?"

फिटर हसले, मीही हसले. भावजय हसली नाही. तिने पाकीट भावासमोर ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "या धंद्यात पाकीट समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखं वाचतात. डावीकडचं वर्तुळ म्हणजे त्याचा उजवा डोळा. तुम्ही पाकीट आपल्याच डोळ्यांना लावल्यासारखं लिहिता. उजवा उजवीकडे. या दोघांनी धंद्याच्या रीतीने वाचलं, त्यांची काही चूक नाही. ज्यांचे दोन्ही डोळे सारखे त्यांना कळलं नाही, बाकीच्यांच्या काचा अदलाबदल झाल्या."

"पण आधी कधी..." भाऊ बोलता बोलता थांबला. गेल्या काही महिन्यांतली चक्करवाली गिऱ्हाइकं त्याला आठवली असावीत. प्रत्येकाला तो सांगायचा, नवा नंबर आहे, आठ दिवसांत सवय होईल.

"आधी मी मनात वळवून घ्यायचे."

"चौदा वर्षं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नवं दुकान होतं, तुम्हाला चारचौघांत वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेवढी माझी चूक."

दोघांतला म्हातारा फिटर म्हणाला, "शेट, आम्हाला वाटलं आमचेच डोळे गेले. मी तर बायकोला सांगून ठेवलं, आता तू कमाव."

खरं सांगायचं तर मी तिथे वाट पाहत होते. आता ती काही मागेल, असं मला वाटत होतं, आणि मागितलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. पण तिने कारण आधी सांगून टाकलं होतं. आता तिच्या हातात धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "फ्रेम गोल आहे, म्हणून काचा फुकट जाणार नाहीत. इकडची तिकडे घालून काच फिरवायची, नंबराचा कोन जुळतो का तेवढं तपासायचं. पण अठ्ठेचाळीस जोड्या आहेत, उद्यापर्यंत या दोघांच्याने व्हायच्या नाहीत. बसू का मी?"

"बस ना," भाऊ पटकन म्हणाला.

"मजुरी पडेल. जोडीमागे, ज्येष्ठ फिटरच्या दराने. बिल माझ्या नावाने."

"थोडी सवलत?" तो कसनुसा हसला. हवा हलकी करायला म्हणाला असेल.

"चौदा वर्षं दिली की," ती म्हणाली, आणि कागद ओढून लिहायला बसली.

सुबक अक्षरात तिने लिहिलं: कामाचा तपशील, जोड्या, दर. आणि दराखाली एक ओळ: 'ज्येष्ठ फिटर. याच दुकानात चौदा वर्षे काच बसवण्याचे काम केलेले.' भावाने ती ओळ वाचली. पेन हातात घेतलं, परत ठेवलं.

"वकील म्हणाले होते..."

"वकिलांचं वकिलांशी. मला या कागदातून दुकान काढून घ्यायचं असतं, तर आधी सही घेतली असती आणि मग पाकीट दाखवलं असतं." तिचा आवाज जराही चढला नाही. "हा दर कशाचा, ते बिलावर लिहावं लागतं. लिहिलंय त्यात खोटं असेल तर खोडा."

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. लहानपणी आईकडून मार चुकवायला पाहायचा तसा. मी म्हटलं, "बाळा, बैठकीत मी गप्प बसले, ते पाप माझं. आज नाही बसणार. तू सही कर, साक्षीला खाली मी करते."

त्याने सही केली. शिक्काही स्वतः उठून आणला, हे मला त्याच्या बाजूने सांगायला हवं. शिक्का मारून म्हणाला, "वेगळा दाखला लागला तर तोही लिहितो. तू सांग कसा लिहायचा." त्यावर ती म्हणाली, "लिहा. पण आधी पाकिटं वळवून लिहायला शिका."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला चौऱ्याऐंशी चष्मे टेम्पोत चढले. जे बरोबर होते तेसुद्धा तिने एकदा तपासले होते. टेम्पोचालक आपला चष्मा घालून आला, सुलटा, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत गेला.

रुग्णालयाच्या कारकुनाने दाखला वाचला, बिलही वाचलं. "दाखला पुरे होता. हे बिल कशाला जोडलंत?" त्याने विचारलं.

"दाखला त्यांनी लिहिलाय," भावजय म्हणाली. "बिल मी."

सोमवारपासून या म्हणाले. पगार ज्येष्ठ फिटरचा. तो काही फार मोठा नाही. भावाच्या घरासारखं घर तिला त्यातून कधी घेता येईल असं मला वाटत नाही, आणि तिलाही नाही. तिने दोन खोल्या घेतल्या, तिसऱ्या मजल्यावर, पाणी वेळेवर येतं एवढंच काय ते कौतुक. सामान दोनच खेपांत चढलं.

मी डबे लावत होते. आतल्या खोलीत दोघी बहिणींची जुंपली होती, खिडकीकडची बाजू कोणाची म्हणून. "मी मोठी आहे!" "मग काय झालं, तू तर जाणार होतीस!" "नाही ना गेले!" मी उठायला लागले, तर भावजयीने मला हाताने थांबवलं. हातातला डबा खाली ठेवून ती म्हणाली, "भांडायचं तर दार लावून भांडा गं. दार आहे आता."

आतून दार धाडकन लागलं. ती परत डबा पुसायला लागली.