एकतीस गुणांची हार

वाराबिन गावचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा संघ सुधारतोय, असं एल्वा नोस्केचं ठाम म्हणणं होतं. तिचा दीर रेक्स म्हणायचा की काडीचाही सुधारत नाहीये. दर शनिवारी दोघं मैदानाच्या कडेला आपापल्या गाड्या शेजारीशेजारी लावायचे, नाकं मैदानाकडे करून, आणि काचा खाली घेऊन चार क्वार्टर हाच वाद घालायचे. तिशीपासूनची सवय होती ती. फरक एवढाच, की आधी एल्वाच्या गाडीत चालकाच्या जागी हर्ब बसायचा. तिचा नवरा, रेक्सचा थोरला भाऊ, एकोणीस वर्षं क्लबचा अध्यक्ष. गेल्या नोव्हेंबरात गव्हाची कापणी ऐन भरात असताना तो कापणीयंत्राच्या केबिनमध्ये बसल्या जागीच वारला. इंजिन चालूच होतं. जवळ जाऊन बघणारा पहिला माणूस रेक्स होता.

संघाची दशा हर्बच्या डोळ्यांदेखतच झाली होती. गावातली शाळा बंद पडली, मग बँक गेली, शेतं एकमेकांत मिसळून मोठी होत गेली आणि माणसं कमी. अठरा गडी जमवायचे तर तिघं मेलबर्नहून साडेतीन तास गाडी हाकत यायचे. खाटीक कॉलिन चव्वेचाळीस वर्षांचा होता, तरी खेळायचा. एल्वाचा मुलगा ग्लेन कप्तान होता. त्याचा गुडघा पट्ट्यांनी आवळलेला असायचा. दोन वर्षांत एकही सामना जिंकलेला नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या सामन्यात वाराबिन दोनशे त्रेचाळीस गुणांनी हरलं. एका गोलचे सहा गुण, आणि त्यांचा अख्ख्या दिवसात एकच गोल झाला. हर्बशिवायचा तो एल्वाचा पहिला सामना. परतताना धान्याच्या कोठारांपाशी तिनं गाडी बाजूला घेतली, आणि बराच वेळ तिला ती पुन्हा चालू करता आली नाही.

पण पुढच्या शनिवारी ते एकशे एकाहत्तरनं हरले. त्यापुढच्या वेळी एकशे चाळीसनं. एल्वानं फ्रिजवरच्या कॅलेंडरवर, प्रत्येक शनिवारच्या चौकोनात, आकडे लिहायला सुरुवात केली. मे संपता संपता आकडा एकशे अठरावर आला तेव्हा तिनं तो रेक्सला खिडकीतून ऐकवला.

"एकशे अठरानं हरणं म्हणजे सुधारणा?" रेक्स म्हणाला. "गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला पोहता येतं म्हणायचं का मग?"

"डोक्यावरून जात होतं ते गळ्याशी आलं. म्हणजे वरच येतोय ना तो?"

"किंवा तळ वर आलाय."

"तू ना, रेक्स, स्वर्गात गेलास तरी दाराला तेल नाही म्हणशील."

रेक्स हसला नाही. त्यानं समोरच्या संघाच्या बाकाकडे बोट केलं. त्यांचे सगळ्यांत धिप्पाड चार गडी कोट घालून बसले होते आणि मैदानात कोवळी पोरं सोडली होती. हे बघ, आणि मग मला सुधारणा सांग, असं त्याचं म्हणणं. एल्वा म्हणाली, दमले असतील. आपण दमवलं त्यांना. यावर रेक्सनं थर्मासचं झाकण उगाचच उघडलं आणि बंद केलं.

वाद दोन गाड्यांपुरता राहिला नाही. पोस्टात, दुकानात, रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तोच विषय. निम्मं गाव एल्वाच्या बाजूचं झालं, निम्मं रेक्सच्या. जूनमध्ये कार्यकारिणीनं विचार मांडला होता, की पुढच्या हंगामात नाव द्यायचंच नाही, क्लब मिटवून टाकायचा. एल्वा त्या बैठकीत जाऊन उभी राहिली आणि तिनं कॅलेंडरची पानंच समोर ठेवली. निदान हंगाम संपेपर्यंत थांबा, शेवटच्या सामन्यानंतरच्या रविवारी ठरवा, एवढंच तिनं मागितलं. ते कबूल झालं. बाहेर आल्यावर रेक्सनं तिला विचारलं की तू हे का करतेस. ती म्हणाली, हर्बनं हेच केलं असतं. रेक्सनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही.

मग ऑगस्टातला तो शनिवार आला. घरच्या मैदानावर टालगमशी सामना होता. तिसऱ्या क्वार्टरला वाराबिन चाळीसनं मागे होतं, आणि शेवटच्या क्वार्टरला त्यांनी चक्क टालगमपेक्षा जास्त गोल केले. कॉलिननं पन्नास मीटरवरून मारलेला चेंडू खांबांच्या मधोमध गेला तेव्हा मैदानाभोवतीच्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजले, आणि वाजतच राहिले. हरले, पण एकतीस गुणांनी. फक्त एकतीस. लोक एकमेकांच्या पाठी थोपटत होते. ग्लेन चिखलानं माखलेला गाडीपाशी आला आणि एल्वानं खिडकीतूनच त्याचं डोकं छातीशी धरलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा तिला भूक लागल्यासारखं वाटलं. तिनं खिमा भरलेले दोन गरम पॅटिस एकापाठोपाठ एक खाल्ले, सॉस मनगटावर ओघळला तरी तिला पर्वा नव्हती.

रेक्स त्या दिवशी गप्प होता.

"आज काय तोंडाला कुलूप?" तिनं विचारलं.

"चांगलं खेळले," तो म्हणाला, आणि लवकर निघून गेला. वादात हरला बिचारा, असं समजून तिनं त्याला माफ करून टाकलं.

घरी येऊन तिनं जिलाँगच्या बहिणीला फोन केला आणि चारही क्वार्टर क्रमानं सांगितले. रविवारच्या सभेत काय बोलायचं तेही तिनं जमवायला घेतलं. आठवडाभर ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तेच बोलत होती.

शेवटचा सामना निनयूरला, त्यांच्या मैदानावर होता. निनयूर आणि आणखी एक संघ चौथ्या जागेसाठी बरोबरीत होते. ज्याची हंगामभरातल्या गुणांची सरासरी सरस तो पुढच्या फेरीत जाणार, म्हणजे निनयूरला प्रत्येक गोल हवा होता. पहिल्याच क्वार्टरमध्ये त्यांनी अकरा गोल मारले. एल्वा म्हणाली, सुरुवातीला असंच होतं, नंतर ते दमतील. दुसऱ्या क्वार्टरलाही ते दमले नाहीत. तिसऱ्याला ग्लेन खाली पडला, उठला, पुन्हा पडला. निनयूरच्या बाकावर कुणीही कोट घालून बसलेलं नव्हतं. एल्वाला गाडीत बसवेना. ती उतरून कॅन्टीनकडे गेली.

कॅन्टीनच्या खिडकीत बेव्ह डँगार होती, निनयूरच्या प्रशिक्षकाची बायको. तिनं एल्वाला पाहिलं आणि न मागता भोपळ्याच्या सूपचा कप पुढे केला.

"रागवू नकोस हं, एल्वा," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्या स्टूनं रेक्सला आधीच कळवलं होतं, की या वेळी जमणार नाही. सरासरीचा प्रश्न आहे ना. नाहीतर मागच्या वेळी ऐकलंच होतं की आम्ही त्याचं."

"काय जमणार नाही?"

बेव्हचा चेहरा उतरला. एल्वाला ठाऊकच असेल असं ती धरून चालली होती. आता मागे घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिनं सांगून टाकलं. एप्रिलमध्ये रेक्सनं सगळ्या क्लबांच्या प्रशिक्षकांना फोन केले होते. दोघांकडे तर तो स्वतः गाडी घेऊन गेला होता. मध्यंतरानंतर तुमचे मोठे गडी बसवा, आमच्या पोरांना जरा श्वास घेऊ द्या, आणि कुठे बोलू नका, एवढंच त्याचं मागणं होतं. कुणीच नाही म्हणालं नाही. हर्बला सगळे ओळखत होते.

एल्वानं सूपचा कप तसाच फळीवर ठेवला. ती परत गेली, पण आपल्या गाडीत नाही. रेक्सच्या गाडीचं दार उघडून ती त्याच्या शेजारी बसली. मैदानात शेवटचा क्वार्टर चालू होता. दोघंही समोरच बघत होते.

"किती जणांना फोन केलास?" तिनं विचारलं.

रेक्सला विचारावं लागलं नाही कशाबद्दल ते. "सहा."

"टालगमला पण?"

"टालगमला पण."

"आणि वर माझ्याशी भांडत होतास."

"मग काय करू? सुधारतोय म्हणू? एक खोटं पुरे होतं, एल्वा. दुसरं तुझ्या तोंडावर बोलवेना. मला वाटलं, मी नाही नाही म्हणत राहिलो तर तू फार जीव लावणार नाहीस. तू तर जास्तच लावलास."

निनयूरनं आणखी एक गोल मारला. त्यांच्या बाजूचे हॉर्न वाजले.

"का केलंस पण?"

रेक्सनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "पहिल्या सामन्यानंतर तू कोठारांपाशी गाडी थांबवली होतीस. मी मागेच होतो. तुझं डोकं स्टिअरिंगवर होतं. मी थांबलो, लांबून बघत राहिलो. उतरून यायला हवं होतं. हर्ब असता तर आला असता. मला नाही जमलं. काय बोलायचं तेच सुचेना. मग तू निघालीस, आणि मी घरी जाऊन फोन उचलला."

एल्वानं शेजारच्या आपल्या रिकाम्या गाडीकडे पाहिलं.

"उतरून आला असतास तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

भोंगा वाजला. एकशे अठ्ठ्याण्णव गुणांची हार. ती उतरून आपल्या गाडीत बसली आणि एकटीच घरी गेली. त्या दिवसाच्या चौकोनात तिनं काही लिहिलं नाही.

रविवारी दुपारी क्लबच्या खोलीत चाळीसेक माणसं जमली. भिंतीवर जुन्या विजेत्या संघांचे फोटो होते, आणि त्यातल्या दोन-तीन फोटोंत हर्बही होता, भरपूर केसांचा. अध्यक्षांनी एल्वाचं नाव घेतलं. कालच्या सामन्यानंतरही लोक तिच्याकडे आशेनं बघत होते. एका वाईट दिवसावरून काय ठरतं, एकतीसची गोष्ट सांग, असं कुणीतरी मागून म्हणालंही. रेक्स दाराशी उभा होता. टोपी हातात, मान खाली.

एल्वा उठली. तिला हवं असतं तर ती जूनमध्ये बोलली होती तसंच बोलू शकली असती. त्या खोलीत खरं काय ते आपल्याला आणि रेक्सलाच माहीत आहे, असं तिला वाटत होतं. गावानं आणखी एक वर्ष तिच्या शब्दावर काढलं असतं.

"संघ सुधारत नाहीये," ती म्हणाली. "मी चुकले. मला सुधारायला हवा होता, म्हणून मला तसं दिसलं. या पोरांना आता मोकळं करा."

रेक्सचं नाव तिनं काढलं नाही. हात वर करून मतं घेतली तेव्हा बंद करण्याच्या बाजूनं तिचा हात वर गेला, आणि तिचा पाहून बाकीचे गेले. कॉलिननं हात वर केला नाही. तो उठून बाहेर गेला आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहून रडला. सगळ्यांना ऐकू येत होतं, पण कुणी बाहेर गेलं नाही.

नंतर ग्लेन आणि ती खुर्च्या रचत होते. तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

ग्लेननं हातातली खुर्ची खाली ठेवली. "आई, चेंडू आपल्या हातात असताना समोरचा माणूस अंगावर यायचा थांबला, की कळतं."

"सगळ्यांना कळलं होतं?"

"आपसात कधी बोललो नाही. पण हो."

"मग खेळत का राहिलात?"

"तू दर शनिवारी पुन्हा पावडर लावून यायला लागली होतीस," ग्लेन म्हणाला, आणि पुढची खुर्ची उचलायला वाकला. गुडघ्यामुळे त्याला नीट वाकता येत नव्हतं. एल्वानं त्याच्या हातातून खुर्ची काढून घेतली.

त्या वर्षी कापणी चांगली झाली. रेक्सनं जमीन शेजाऱ्याला दिली आणि ॲडलेडला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. दोघांत भांडण झालं असं कुणी म्हणालं नसतं. दुकानात भेटले तर पावसाचं बोलायचे. पण शनिवार नव्हते, त्यामुळे शेजारी बसायचं निमित्तही नव्हतं, आणि निमित्ताशिवाय बसायची दोघांना कधी सवय नव्हती.

फेब्रुवारीत तो निघाला त्या सकाळी ती डब्यात भोपळ्याचे स्कोन, घरी भाजलेले छोटे गोडसर पाव, घेऊन गेली. रेक्स सामान बांधत होता. कुत्रा कुठे बसणार, मुलीच्या घराला अंगण आहे का, असं इकडचं तिकडचं झालं. मग दोरीची गाठ मारता मारता त्यानं विचारलं, "अजून रागावली आहेस?"

"तुझ्यावर नाही."

"मग?"

एल्वानं उत्तर शोधलं. तिला ते कित्येक महिने शोधायचं होतं, पण विचारणारं कुणी नव्हतं.

"एप्रिल ते ऑगस्ट मी सुखात होते, रेक्स," ती म्हणाली. "हर्ब गेल्यानंतर. त्याचं आता काय करू, ते मला कळत नाही."

रेक्सनं दोरीची गाठ घट्ट ओढली. त्यानं डबा पुढच्या सीटवर नीट ठेवला, कुत्र्याला मागे चढवलं आणि टोपीला हात लावून तिचा निरोप घेतला. गाडी फाटकातून बाहेर पडली. वाळलेल्या खुंटांच्या शेतांमधून रस्ता सरळ दूरवर जात होता, म्हणून ती बराच वेळ दिसत राहिली. धूळ खाली बसेपर्यंत एल्वा तिथंच उभी होती. मग तिनं फाटक ओढून घेतलं, कडी लावली आणि घरी गेली.