चापाबाहेरचं बोट

ओरिन फियालाने बावीस वर्षं विजेच्या खांबांवर चढून तारा जोडल्या. कॅन्सरची औषधं संपली तेव्हा आजार गेला होता, पण बोटांच्या टोकांची जाणीवही गेली होती. कंपनीने त्याला गोदामात खुर्चीवर बसवलं. भेटेल तो म्हणे, "नशीबवान आहेस, वाचलास." तो "हो" म्हणे. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं.

बेव्ह स्टोल्ट्स तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. दर महिन्याला ती गावाबाहेरच्या मातीच्या बांधांमध्ये पिस्तुलाच्या स्पर्धा भरवायची. तिनेच त्याला ओढून नेलं. "खुर्ची उबवतोयस नुसता. चल, पुठ्ठ्याची माणसं तरी मार!"

टायमर वाजला की पिस्तूल उपसायचं, आडोशांमागून पळत पुठ्ठ्यांवर गोळ्या झाडायच्या, पांढऱ्या पुठ्ठ्यांना धक्का लावायचा नाही, धावताना बोट चापावर ठेवायचं नाही. गुण मोजायचे, त्यांना वेळेने भागायचं. पहिल्या दोन्ही वेळा ओरिन शेवटचा आला. बेव्ह म्हणाली, "भोकं शोधत बसतोस म्हणून उशीर होतो. गोळी सुटते त्या क्षणी नळीवरचा नेमाचा ठिपका कुठे होता ते बघ. तिथेच ती गेलेली असते." हे त्याला जमू लागलं. हात कधी थरथरत नव्हते. घाबरायला आत काही शिल्लकच नव्हतं.

तिसऱ्या स्पर्धेत तो पिंपामागून खिडकीच्या चौकटीकडे धावत होता, तेवढ्यात बेव्ह ओरडली, "थांब!"

तो जागच्या जागी थांबला.

"बोट कुठे होतं?"

"बाहेर."

"चापावर होतं, बाळा. धावताना."

ओरिनने बोटाकडे पाहिलं. ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं दिसत होतं.

"पिस्तूल रिकामं कर. आज तू बाद," बेव्ह म्हणाली. "घरी जा, नाहीतर थांबून भोकांवर चिकटपट्ट्या लाव."

तो थांबला. संध्याकाळपर्यंत तपकिरी पट्ट्या लावत राहिला. पट्टी बोटाला चिकटली आहे की नाही, हे त्याला बघूनच कळत होतं.

घरी त्याने बायकोला, मार्लिसला, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी गोळ्या गॅरेजात कुलूपबंद केल्या, रिकामं पिस्तूल दोघांनी दोनदा तपासलं आणि तो स्वयंपाकघरात सराव करू लागला. ती टेबलाशी शेंगा सोलत बसली आणि बोट आत गेलं की म्हणे, "बोट."

पहिल्या दिवशी तिला ते सतरा वेळा म्हणावं लागलं.

चौथ्या दिवशी ती शेंग हातात धरून म्हणाली, "माझा हात धरतोस, तेव्हाही काही कळत नाही?"

"टोकांना नाही."

"मला वाटायचं, तू हल्ली मुद्दाम तसा धरतोस. पान्यासारखा."

"मुद्दाम नाही."

"आधी सांगायचंस ना, मूर्खा." तिने शेंग फोडली. "मग कळतं कुठे?"

त्याने एकेक पेर टेबलाच्या कडेवर दाबून पाहिलं. टोक मेलेलं होतं, मधलं पेर जिवंत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पिस्तुलाच्या बाजूला, चापाच्या वर, खरखरीत कागदाची पट्टी चिकटवली. पाऊल उचललं की मधलं पेर तिथे घासायचं. आठवड्याने मार्लिसला दोनदाच बोलावं लागलं, मग एकदा, मग शेंगा संपल्या तरी ती गप्पच होती.

पुढच्या स्पर्धेत तो संथ धावला. बेव्ह मागून त्याच्या हातावर डोळे रोखून चालत होती. शेवटचा पुठ्ठा झाल्यावर तिने टायमर कानाशी नेला.

"बंद पडला की काय वाटलं मला! पण बोट सगळीकडे बाहेर. एकाही पांढऱ्या पुठ्ठ्याला धक्का नाही."

तेवीस जणांत तो एकोणिसावा आला. यादीत नाव पाहून आनंद होईल म्हणून त्याने क्षणभर वाट पाहिली. झाला नाही. मग त्याने बेव्हला विचारलं, "त्या खिडकीपाशी मी किती सेकंद घालवले?"

"सहा. तीनात होतं."

"कसं?"

"पाय आधी थांबवतोस, मग पिस्तूल वर आणतोस. दोन्ही एकदम कर. ये, दाखवते."

तो तिच्या मागोमाग चौकटीकडे गेला.