मंत्रिसाहेबांच्या भाषणाची हौजी

गेल्या अकरा वर्षांत उत्तर इंग्लंडमधल्या विदरलॉ गावात सात पुढारी येऊन गेले होते, आणि सातही जणांनी गावाला तीच एक बस देऊ केली होती. त्यांत या पक्षाचे होते, त्या पक्षाचेही होते. कोळशाची खाण बंद पडल्यापासून डरहॅमला जायला गावाला बस हवी होती हे खरं, पण आता बसची वाट कोणी बघत नसे. पुढारी कितव्या मिनिटाला बसवर येतो, याची बघत.

ही मिनिटं मोजायला सुरुवात केली व्हर्ना पिनॉकने. बत्तीस वर्षं तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्तपेशी मोजल्या होत्या. निवृत्त झाली, पण मोजण्याची खोड गेली नाही. तिने सातही भाषणांची कात्रणं जमवली आणि कोणतं वाक्य किती वेळा आलं याचा तक्ता केला. ‘खाणकामगारांच्या घामावर हा देश उभा आहे’: सातपैकी सात. ‘माझे आजोबाही कष्टकरीच होते’: सातपैकी सहा. ‘मी बोलायला नाही, ऐकायला आलोय’: सातपैकी सात, आणि त्यानंतर सरासरी एकतीस मिनिटं बोलणं.

या तक्त्यातूनच हौजी निघाली. कामगार क्लबात दर शनिवारी संध्याकाळी हौजी असेच; या खेपेला आकड्यांच्या जागी वाक्यं. पोटनिवडणुकीच्या प्रचाराला मंत्री क्रिस्पिन ऑल्डरटन शनिवारी क्लबात येणार म्हटल्यावर व्हर्नाने साठ तिकिटं तयार केली. प्रत्येकावर नऊ वाक्यं, एकासारखं दुसरं नाही, आणि हमखास येणारी व क्वचित येणारी वाक्यं सगळीकडे सारख्याच प्रमाणात वाटलेली. बक्षीस नेहमीचं: खाटकाकडून सजवून आणलेली परात. सॉसेज, बेकन आणि रविवारी भाजायला मांसाचा भलामोठा तुकडा.

व्हर्नाला मात्र माइक हवा होता. हौजी पुकारायचा मान एकोणतीस वर्षं नॉर्मन टुलीकडे होता. क्लबचा अध्यक्षही तोच. आता त्याचे गुडघे गेले होते आणि स्टेजवर चढवेना. व्हर्नाने त्या जागेसाठी तीनदा अर्ज केला आणि तीनदा कमिटीने चहा पिऊन नकार कळवला.

“वाईट वाटून घेऊ नकोस, व्हर्ना,” नॉर्मन म्हणाला होता. “माझं काही नाही गं. पण लोकांना तुझे उच्चार कळायला नकोत का?”

“लग्न होऊन या गावात आले त्याला अडतीस वर्षं झाली. तेव्हापासून तुझ्याशी भांडतेय. एकदा तरी म्हणालास, कळलं नाही म्हणून?”

“भांडण वेगळं, आकडे वेगळे.”

पण ही तिकिटं बघून नॉर्मन असा काही हसला की त्याची कवळी निसटली. ती बसवता बसवता तो बोलून गेला, “मंत्र्याला पत्ता लागू न देता हा खेळ पार पाड. माइक तुझा. पण त्याला कळलं आणि पेपरात आलं, तर क्लबची शोभा होईल. मग पुन्हा अर्ज करायचा नाही.”

“कबूल.”

तिकीट भरलं की दोनदा खोकायचं, असं आधी ठरलं. पण खाणीत राबलेल्या अर्ध्या गावाला खोकला असल्याने तो नियम बाद झाला. शेवटी ग्लासाखालची चकती गुपचूप वर धरायची, असं ठरलं.

नॉर्मनने एका तिकिटावर बोट ठेवलं. “हे काय गं? ‘मूळच्या कुठल्या?’”

“हेही बोलतात. मला, माझा काळा रंग बघून. छापून येत नाही, एवढंच.”

शनिवारी सहाला मंत्री आले. अंगात चकाकतं पिवळं जाकीट होतं, खाणीत उतरायला निघाल्यासारखं. नॉर्मनने झोकात स्वागताचं भाषण केलं. मंत्र्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. ते आपल्या सचिवबाईंकडे झुकून म्हणाले, “हे गृहस्थ इंग्रजीच बोलतायत ना?”

माइक चालू होता. हे कुणाच्याच तिकिटावर नव्हतं, तरी टेबलं वाजली.

“मित्रहो,” मंत्र्यांनी सुरुवात केली, “मी इथे बोलायला नाही, ऐकायला आलोय.”

साठ पेनं एकदम हलली.

मंत्री क्षणभर थांबले. आपलं बोलणं कोणी टिपून घेतंय, असं त्यांनी राजकारणात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी खाणकामगारांचा घाम काढला. पेनं पुन्हा हलली आणि मागून कुणाचा तरी “अहाहा!” ऐकू आला. मंत्र्यांचा चेहरा उजळला. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला आणि मनातलं बोलायला लागले, म्हणजे कागदावरचंच, पण जास्त वेळ.

अकराव्या मिनिटाला बस आली. सभागृहाने टेबलं बडवली. त्या प्रेमाने भारावून मंत्र्यांनी बस तासाला दोनदा सोडली.

पुढच्या टेबलावरच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एडना रेस्ट्रिकची आठ वाक्यं झाली होती. तिच्या मागे सात वाक्यांवर अडकलेल्या टेरीला धीर धरवेना. तो ओरडला, “साहेब, आजोबांचं सांगा की!”

“आजोबा! आजोबा!” इतरांनी ताल धरला.

मंत्र्यांनी छातीवर हात ठेवला. “माझे आजोबाही कष्टकरीच होते. पहाटे पाचला उठत.”

“कशाला हो साहेब?”

“शिकारीला,” मंत्री म्हणाले, आणि पुढची दोन मिनिटं कुणालाच काही ऐकू आलं नाही. एक जण तर हसता हसता खुर्चीसकट आडवा झाला. टेरीने मात्र खाली पडून राहिलेल्याला ओलांडून आपली आठवी खूण केली.

सेहेचाळीस मिनिटांनी भाषण संपलं. एकही चकती वर आली नव्हती. व्हर्नाचं गणित असं होतं की एव्हाना कुणीतरी जिंकायला हवं होतं. आता माइक तरी पदरात पडेल म्हणून ती निःश्वास सोडत होती. तेवढ्यात मंत्री स्टेजवरून उतरले आणि त्यांनी रिकामा कप तिच्यापुढे धरला.

“आणखी एक चहा द्याल का, बाई? दोन चमचे साखर.”

“साहेब, ती चहा देणारी नव्हे—” नॉर्मन घाईने म्हणाला.

मंत्र्यांनी चटकन हसू चेहऱ्यावर आणलं. “अरे वा! मग आपण कुठल्या?”

“विदरलॉच्या.”

“नाही, तसं नाही. मूळच्या कुठल्या?”

“बर्मिंगहॅम,” व्हर्ना म्हणाली.

पुढच्या टेबलावर शेवटची खूण झाली. मग एडना उभी राहिली. चकतीबिकती ती साफ विसरली होती.

“फुल हाउस!” ती किंचाळली. “फुल हाउस, फुल हाउस, फुल हाउस!”

“यांना काय झालं?” मंत्र्यांनी विचारलं.

नॉर्मन व्हर्नाकडे बघून जोरजोरात मान हलवत होता. उत्तर सोपं होतं: म्हातारी आहे, अधूनमधून ओरडते. तेवढं म्हटलं की माइक तिचा. पण एडना तिकीट उंच धरून उभी होती, आणि तिकीट सगळ्यांसमोर वाचून तपासल्याशिवाय बक्षीस द्यायचं नाही हा हौजीचा नियम होता. एडनाला वेडी ठरवून तिची परात कशी बुडवायची? व्हर्नाने आजवर न मोजलेला आकडा कधी कळवला नव्हता आणि मोजलेला कधी दडवला नव्हता.

ती स्टेजवर चढली.

“तिकीट क्रमांक सतरा,” ती माइकवर म्हणाली. “‘मी बोलायला नाही, ऐकायला आलोय.’”

“बोलला!” सभागृह गरजलं.

“‘खाणकामगारांच्या घामावर.’”

“बोलला!”

“‘बस.’”

“बोलला, बोलला!”

मंत्री साठ पेनांकडे बघत राहिले. त्यांचा रंग आधी गुलाबी झाला, मग वाटाण्याच्या सुपासारखा. व्हर्ना एकेक वाक्य स्पष्ट, सावकाश वाचत गेली.

“नववं. ‘मूळच्या कुठल्या?’”

या वेळी कोणी ओरडलं नाही. सगळे तिच्याकडे बघत राहिले. नॉर्मन टेबलाला धरून उठला.

“बोलला,” तो म्हणाला. मग जरा खाकरून, “मीही बोललो होतो. पहिल्याच दिवशी.”

“दोनदा,” व्हर्ना म्हणाली. “तिकीट बरोबर आहे. परात एडनाची.”

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. एडनाने सॉसेजची माळ गळ्यात घातली आणि शेजारणीचा मुका घेतला. मंत्री पुढे आले. “हे अत्यंत असभ्य आहे! माझ्या म्हणण्याचा विपर्यास केला जातोय!”

“माझं हे!” टेरी ओरडला. “विपर्यास! माझं नववं! अरे देवा, एका मिनिटाने चुकलो!”

मंत्री तरातरा बाहेर पडले. सचिवबाई दारापाशी रेंगाळल्या. पन्नाशीच्या असतील, डोळे पुसत होत्या. “एखादं तिकीट शिल्लक आहे का हो?” त्यांनी हळूच विचारलं. “उद्या तीन गावं आहेत.”

नॉर्मन स्टेजच्या पायरीपर्यंत आला. “मंत्र्याला कळलं, व्हर्ना. अट मोडली.”

“माहीत आहे.”

“कमिटी बसवावी लागेल.”

कमिटीचे चौघेही एडनाच्या टेबलाभोवती नाचत होते. बाकीचे पाय आपटून नेहमीच्या हौजीची मागणी करत होते. व्हर्नाच्या हातात माइक तसाच होता; तो माघारी मागायला कोणी वर चढलं नाही. तिने हौजीच्या यंत्राचं बटण दाबलं. आतले चेंडू उड्या मारू लागले आणि पहिला टपकन बाहेर आला.

“बत्तीस,” ती म्हणाली.

माना खाली गेल्या. नॉर्मनने इकडेतिकडे पाहिलं, टेरीशेजारची खुर्ची ओढली, त्याच्याकडून एक तिकीट आणि पेन मागून घेतलं आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा खेळायला बसला. चौथ्या आकड्यालाच तो मागे पडला.

“अगं, जरा सावकाश!” तो ओरडला.

“नाही,” व्हर्ना म्हणाली, आणि पुढचा चेंडू उचलला.