विंच लावला, पण गाडी फसेना

बडनेऱ्याला रेल्वेच्या वीजखात्यात पस्तीस वर्षं काढून शेखरराव निवृत्त झाले, त्यांनी चारही चाकं ओढणारी जुनी पिकअप घेतली आणि तिला विंच लावायचं ठरवलं. गाडी चिखलात फसली की बंपरमधला ढोल फिरतो, दोर गुंडाळला जातो आणि गाडी आपली आपण बाहेर येते. हे 'आपली आपण' त्यांना फार भावलं होतं. जन्मभर त्यांना कुणाला ना कुणाला हाक मारावी लागली होती.

अकोल्याच्या कुंदन मिस्त्रीनं आधी वजन विचारलं. "भरल्या गाडीच्या दीडपट ताकद पाह्यजे, काका. अंदाजानं नाई जमत."

म्हणून गाडी वजनकाट्यावर गेली. काटेवाला आकडा मोठ्यानं वाचतो हे कळताच त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई उतरून बाजूला उभ्या राहिल्या. शेखररावांनी त्यांचे पासष्ट किलो मनानंच मिळवले आणि तसं बोलून दाखवलं. बाईंनी अशी नजर टाकली की पासष्टाचे पन्नास झाले.

पोलादी तार घ्यावी की नायलॉनचा दोर, यात आठ दिवस गेले. तुटलेली तार चाबकासारखी अंगावर येते, म्हणून दोर ठरला. बंपर कच्चा निघाला, तेव्हा कुंदननं चेसिसलाच जाड पट्ट्या बोल्टांनी आवळल्या, मोठी बॅटरी बसवली. गाडी पुढून दोन बोटं खाली बसली.

मग खरी अडचण सुरू झाली. गाडी कुठं फसेचना. जंगलात सेमाडोहपर्यंत दोन चकरा झाल्या, नाले झाले, दगडगोटे झाले. घरी आलं की ज्योत्स्नाबाई विचारायच्या, "फसली का?" शेखरराव मान हलवून चपला काढायचे.

शेवटी ऑगस्टात, कौंडण्यपूरकडे, त्यांनी रस्त्यालगतच्या पडीत वावरात गाडी मुद्दाम घातली. काळी माती. वीस पावलांत चाकं निम्मी गडप. शेखररावांनी हातमोजे चढवले, रिमोट काढला, दोर सोडायला घेतला आणि मागून आवाज आला, "लावा रे हात!"

गावातली पंधरावीस माणसं धावत आली होती.

"थांबा, लोटू नका," शेखरराव म्हणाले.

"काहून? आमी मेलो का?" असं म्हणत त्यांनी गाडी लोटत रस्त्यावर आणूनसुद्धा ठेवली.

शेखररावांचा चेहरा पाहून वावराच्या मालकीण माणिकबाई जवळ आल्या. "काय झालं, भाऊ? काही तुटलं का?"

शेखररावांनी सगळं सांगितलं. माणिकबाई थोडा वेळ विंचकडे पाहत राहिल्या. मग गड्यांकडे वळून म्हणाल्या, "घाला रे पुन्हा."

पंधरावीस माणसांनी गाडी लोटून परत चिखलात घातली, तोंड रस्त्याकडे करून. दोर बांधायला जवळपास झाड नव्हतं. माणिकबाईंनी ट्रॅक्टर आणवून वावराच्या कडेला उभा केला. दोर बांधला, शेखररावांनी बटण दाबलं. ढोल फिरला, दोर ताठ झाला आणि ट्रॅक्टर ब्रेक लावलेल्या चाकांनिशी सरकत सरकत वावरात उतरला. गाडी तसूभर हलली नाही.

माणसांनी एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा विंचकडे.

"ताकद हाय," माणिकबाई म्हणाल्या.

दोर सोडून माणसांनी गाडी पुन्हा लोटत रस्त्यावर काढली, तिचं तोंड ट्रॅक्टरकडे फिरवलं. चाकांपुढं दगड लावले. वजन कमी पडायला नको म्हणून सगळे मागच्या हौद्यात चढून बसले. दोर परत ट्रॅक्टरला बांधला. शेखरराव बटण दाबणार, तोच माणिकबाईंनी हात पुढं केला. "द्या माह्यापाशी. ट्रॅक्टर माहा हाय."

शेखररावांनी रिमोट दिला. खरं तर जिवावर आलं. पण चिखलातून ट्रॅक्टर हळूहळू वर यायला लागला, हौद्यातली माणसं माना उंचावून पाहू लागली, आणि बटणावरचा त्या बाईचा अंगठा पाहून त्यांना कुंदनला लगेच फोन करावासा वाटला.

निघताना माणिकबाईंनी त्यांचा नंबर घेतला. "विहिरीतली मोटर काढाची हाय आमाले. गुरुवारी या."

घरी ज्योत्स्नाबाईंनी नेहमीचंच विचारलं.

"दोनदा फसली," शेखरराव म्हणाले आणि चिखलाचे हातमोजे त्यांच्या हाती देऊन अंघोळीला गेले.