लाल पट्ट्याखालचा नाइट सूट

मी एक नाइट सूट बोलतोय. नाव रात्रीचं असलं तरी माझं खरं आयुष्य दिवसाउजेडी, चारचौघांत गेलं.

शांघायच्या एका कपड्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. फिकट पिवळं सुती कापड, त्यावर बारीक जांभळी फुलं, पुढे पाच बटणं. माझा खिसा शिवला तो फेंगदीनं. एकोणीस वर्षं ती परदेशी जाणाऱ्या नाइट सूटांना खिसे लावत होती आणि स्वतः मात्र विटक्या बनियनवर झोपत होती. तिच्या तरुणपणी कापड रेशनच्या कुपनावर मोजून मिळायचं. झोपायला वेगळे कपडे म्हणजे तिला चैनीची कमाल वाटायची.

माझा खिसा बोटभर तिरका बसला. तपासनिसानं मला बाजूला फेकलं. वर्षाअखेरीस असे बाद झालेले जोड कामगारांना वाटले, तेव्हा फेंगदीनं ढिगातून मला बरोबर हुडकून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला अंगातून काढायलाच तयार होईना. तशीच नळावर गेली, तशीच रस्ता ओलांडून बाजारात. कोबी निवडता निवडता तिनं दोनदा माझी कॉलर सारखी केली. चार बायकांनी वळून पाहिलं आणि त्या पाहण्यातला हेवा मला पाठीवर जाणवला. दोन-तीन वर्षांत अख्ख्या गल्लीत माझे भाऊबंद दिसू लागले. कोणी दारात बसून कोळंबी सोलतंय, कोणी पत्ते कुटतंय, कोणी केसांना रोलर लावून सोयाबीनचं दूध आणायला निघालंय.

अशी वीसेक वर्षं गेली. मग शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं ठरलं आणि गल्लीच्या फाटकावर पाटी लागली. नाइट सूट घालून रस्त्यावर येऊ नये, असं तीवर लिहिलं होतं. बांबूवर वाळत असताना मी ती वाचली. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली.

फेंगदी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. तिनं पाटीकडे काणाडोळा केला. दोनदा फाटकावर तिला हटकलं गेलं. तिसऱ्यांदा गल्ली समितीच्या प्रमुख लू बाईंनी तिला ऐन भाजीबाजारात गाठलं. त्या तिच्या मुलीच्या वयाच्या. बोलल्या हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आजी, पाहुणे फोटो काढतील. शहराची अब्रू जाईल."

फेंगदीनं हातातली पालेभाजी तिथेच ठेवली आणि घरी येऊन मला ट्रंकेत तळाशी घातलं. तीन दिवस मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतो. ती कोट घालून बाजारात जायची आणि कोणाशी न बोलता परत यायची, हे मला ट्रंकेतूनही कळत होतं.

चौथ्या दिवशी लू बाई घरी आल्या. आपण फार बोललो असं त्यांनाही वाटत असावं. त्यांनी तोडगा काढला होता. गल्लीत सगळे फेंगदीचं ऐकतात, तेव्हा रविवारी तिनंच खांद्यावर स्वयंसेवकाचा लाल पट्टा लावून फाटकावर उभं राहावं आणि लोकांना समजवावं. फेंगदी बरं म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं मला बाहेर काढलं, कडक इस्त्री केली, अंगात घातलं आणि वरून तो लाल पट्टा चढवला.

फाटकावर ती ताठ उभी राहिली. पहिला आला यिंग न्हावी, निळ्या नाइट सूटमध्ये.

"नाइट सूट घालून बाहेर जाऊ नका," ती म्हणाली. "शहराची अब्रू जाते."

यिंगनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आणि तुम्ही?"

"मी ड्यूटीवर आहे."

अर्ध्या तासात फाटकाशी गर्दी झाली. लोक पोट धरून हसत होते आणि मी तिच्या अंगावर छाती काढून होतो. मग लू बाई आल्या. त्यांचा चेहरा पडला. आपली चेष्टा चालवली आहे का, असं त्यांनी विचारलं.

"चेष्टा नाही, पोरी," फेंगदी म्हणाली. "माझी खोली बारा पावलांची. चूल चौघींत, नळ गल्लीत, भाजी रस्त्यापलीकडे. माझं घर कुठे संपतं ते दाखव, तिथून पुढे मी कोट घालीन. आणि ते परदेशी ज्यात झोपतात ना, त्या नाइट सूटांना खिसे मी लावलेत. त्यांना माझी कसली लाज?"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लू बाईंची म्हातारी आई आली. अंगात चौकटीचा नाइट सूट, हातात टोपली. तिला कांद्याची पात आणायची होती. मलाही अडवणार का, असं तिनं फेंगदीला विचारलं.

"तुमच्या लेकीला विचारा," फेंगदी म्हणाली.

लू बाईंनी आईकडे पाहिलं. मग त्यांनी फेंगदीच्या खांद्यावरचा पट्टा उतरवला, घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "रस्ता ओलांडताना आईचा हात धरा."

दोघी निघाल्या. मागून यिंग निघाला, त्याच्यामागे पत्तेवाले, मग रोलरवाल्या. फुलाफुलांचे, चौकड्यांचे, अस्वलांच्या चित्रांचे आम्ही तीसेक जण ऐन दहाच्या उन्हात रस्ता ओलांडत होतो आणि ट्रॉलीबस आमच्यासाठी थांबली होती. पाटीवरची अक्षरं पुढे उन्हानं उडाली. फाटकावर पुन्हा कोणी उभं राहिलं नाही.

आता ती गल्ली पाडली आहे. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. माझ्या कोपरांना ठिगळं आहेत, कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं झालं आहे. या इमारतीत लिफ्टमध्ये सगळे दाराकडे बघत गप्प उभे राहायचे. फेंगदी मला घालून रोज कचरा टाकायला उतरायची. तीन आठवड्यांनी नवव्या मजल्यावरची एक बाई गुलाबी नाइट सूटमध्ये आत शिरली आणि चांगली मासळी कुठे मिळते ते तिनं विचारलं. हल्ली सकाळी खाली बाकांवर आम्ही अकरा जण असतो. त्यांत सर्वांत जुना मी, म्हणून उन्हातली जागा माझी.

माझी एकच विनंती. तुमच्याकडेही कोणी गाऊनवर ओढणी टाकून दूध आणायला निघालेली दिसेल. नाक मुरडू नका. थांबून तिला विचारा, आज कोथिंबीर कशी दिली? बघा, ती तुम्हाला अख्ख्या गल्लीची खबर देईल.

बरं, निघतो. फेंगदीनं लिफ्टचं बटण दाबलं आहे.